खापराच्या भाकऱ्या

आमच्या तात्यांचं घरात कुणी ऐकत नसे आणि मांडवात त्यांच्यावाचून पान हलत नसे. तात्या म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं म्हणून आम्ही पोरंही तात्याच म्हणायचो. सोनईच्या अलीकडं आमचं गाव. रान बेताचं. विहिरीला पाणी असलं तर कांदा, नसलं तर बाजरी. बी कुठलं पेरायचं, बैल कधी बदलायचा, माझ्या परकराला कापड कुठलं आणायचं, हे सगळं आई ठरवायची आणि तात्या "बरं" म्हणायचे. पण गावात लग्न निघालं, कुणाचं दहावं आलं, नाहीतर सप्ताहाचा काला आला, की दारात माणूस उभा राहायचा, "तात्या, पंगत तुमची." मग हाच मवाळ माणूस धोतराचा काचा मारून, कमरेला पंचा आवळून असा उभा राहायचा की घरच्यांनाही ओळखू येऊ नये. ओळीच्या टोकाला उभं राहून नुसती मान फिरवली, की कोणत्या पानावरची आमटी संपलीय, कुठला पाहुणा लाजून मागत नाहीये, कुठला वाढपी बुंदी तोंडात टाकतोय, हे त्यांना दिसायचं. "सावकाश होऊ द्या मंडळी," असं ते म्हणाले की माणसं खरोखरच सावकाश जेवायची. आई म्हणायची, "घरात कधी वाटीभर ताक वाढून घेतलं न्हाई या मानसानं, अन् गावाला वाढतोय!"

त्या घराचे आवाज माझ्या कानात अजून आहेत. पहाटे काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज, चुलीत तुरकाट्या तडतडल्याचा, पाट्यावर लसूण-मिरची रगडल्याचा. आई हुलग्याची शेंगोळी करायची तेव्हा तिखट फोडणीचा ठसका पार पिंपळाच्या पारापर्यंत जायचा आणि कुणीतरी तिथनं ओरडायचं, "वहिनी, पाणी जास्त टाका, आमी येतोय!" या शेंगोळीचे सगळ्यात मोठे भक्त होते कुलथे सर. गावात खानावळ नव्हती, सर एकटे होते, आणि हायस्कुलात नव्यानं लागलेल्या मास्तरानं स्टोव्हवर भात करपवत बसावं हे आईला पटलं नाही. तेव्हा दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडं. सर कोपरगावकडचे. उंच, सडसडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. जेवताना ते सारखं बघत असायचे, की आई तव्यावर भाकरी टाकते तेव्हा चुलीपुढं आराला कितवी लावलेली आहे आणि परातीत कितवी आहे. एकदा म्हणाले, "काकू, तुमच्या तिन्ही भाकऱ्या एकाच वेळी कामाला असतात. एकही हात रिकामा नाही." आई माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यांना बी तेच कळतंय. घरात एकट्या तुलाच कळत न्हाई."

सर रुजू झाले ते दुष्काळात. सरकारनं खडी फोडायची कामं काढली होती आणि तिथल्या पोरांना सुकडी वाटायचं काम मास्तरांकडं आलं होतं. त्या वाटपाची एक गोष्ट सर पुन्हा पुन्हा सांगायचे. पोती भरलेली होती, वाटायला माणसं होती, पण रांग अशी काही अडकली की उन्हं उतरेपर्यंत शेवटच्या पोरांपर्यंत सुकडी गेलीच नाही. पोरं तशीच घरी गेली आणि पोती तशीच भरलेली राहिली. "कोणाचीच चूक नव्हती," सर म्हणायचे. "जिन्नस होता, हात होते, आणि पोरं उपाशी गेली. हे कोणीतरी शिकवायला नको का?" आई अशा वेळी त्यांच्या ताटात आणखी एक शेंगोळं टाकायची. तिच्याकडं प्रत्येक दुःखावर तोच उपाय होता.

दुष्काळ सरला आणि नव्या वर्षी सरांनी ते शिकवायला घेतलं. हस्तव्यवसायाचा तास म्हणजे आम्हाला टकळीचा तास. सूत कातायचं, ते तुटायचं, पुन्हा कातायचं, आणि वर्षाच्या शेवटी त्याचं कुणी काही करायचं नाही. सरांनी टकळ्या गोळा करून कपाटात ठेवल्या आणि बाकं भिंतीला लावायला सांगितलं. हेडमास्तर भले गृहस्थ होते पण गावाला फार भ्यायचे. त्यांनी सरांना आमच्यादेखतच बजावलं, "काय करायचं ते करा कुलथे, पण गावातून एक जरी तक्रार आली, तर तास बंद. टकळ्या कपाटात आहेतच." सर हसले. त्यांना त्या वेळी ती अट काहीच वाटली नाही. आम्हालाही नाही.

पहिल्या दिवशी आमची दप्तरं म्हणजे कांद्याच्या गोण्या झाल्या. वर्गाचा मागचा कोपरा म्हणजे शेत, व्हरांडा म्हणजे नगरचा बाजार. "चला, माल पोचवा," म्हणायचा अवकाश, सगळी पोरं एकेक दप्तर घेऊन धावली आणि दारात अशी कोंबली गेली की एकाचं डोकं आपटलं आणि दुसऱ्याच्या सदऱ्याची बाही फाटली. सर खुर्चीवर बसून नुसते बघत होते. मग त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं. जागचं कुणी हलायचं नाही, माल हातोहात जाईल. दप्तरं सुळकन बाहेर गेली. मग म्हणाले, "आता हात रिकामेच परत येणार का? बाजारातून काय आणाल?" आणि व्हरांड्यातले पाण्याचे तांबे त्याच ओळीतून उलटे आत आले. आम्हाला फार मजा वाटली. आपण काही शिकतोय असं वाटलंच नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते अंगात मुरलं. पुढं एक दिवस दवाखान्याची खिडकी झाली, एक दिवस पोस्ट झालं, एक दिवस एसटीचा थांबा. प्रत्येक खेळात मला एकच काम. सर म्हणायचे, "विमल, तू काही करायचं नाहीस. कोण थांबलंय तेवढं फक्त बघायचं. धावणाऱ्याकडं सगळे बघतात." सुरुवातीला मला रडू आलं, की सगळे खेळतात आणि मी भिंतीला टेकून उभी. मग हळूहळू थांबलेली माणसं मला दिसायला लागली, आणि एकदा दिसायला लागल्यावर ती दिसायची कधी थांबली नाहीत. मी पुढं नगरला एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी केली. रांगेतली बाई कडेवरचं मूल या कडेवरून त्या कडेवर घ्यायला लागली की माझा हात आपोआप भरभर चालायचा. तिथले साहेब म्हणायचे, बाई, तुमची खिडकी कशी कधी तुंबत नाही? मी काय सांगणार त्यांना?

मग पंगत आली. दुष्काळाच्या साली सप्ताह झाला नव्हता, तेव्हा यंदा काल्याला पंचक्रोशी लोटणार हे उघड होतं. आमच्याकडं काल्याच्या दिवशी घरोघरच्या भाकऱ्या गोळा होतात आणि आमटी एकीकडं, गुऱ्हाळातल्या काहिलीत शिजते. तात्यांना आठ-आठ दिवस आधीपासून झोप लागत नसे. सरांनी वर्गात पंगतीचाच खेळ मांडला. कुंभाराच्या उकिरड्यावरून खापराचे तुकडे आणले, त्या भाकऱ्या. बादलीतलं पाणी ही आमटी. वडाची पानं म्हणजे पत्रावळी. निम्मी पोरं जेवायला, निम्मी वाढायला. खापर काही खाता येत नाही, तेव्हा ज्याचं जेवण झालं त्यानं हात मांडीवर ठेवायचा, अशी खूण ठरली. हात मांडीवर दिसला की उष्टं काढणाऱ्यानं पान उचलायचं आणि नव्या माणसाला तिथं बसवायचं.

तात्यांना मी घरी हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी मुंडाशानं तोंड पुसत वर्गाच्या दारात हजर. "काय वो सर, पोरांना खापरं चारताय व्हय?"

"या तात्या, तुम्हीही बसा पंगतीला," सर म्हणाले, आणि तात्या खरोखरच आमच्या ओळीत मांडी घालून बसले.

सरांनी आधी जुन्या रीतीची पंगत लावली. सगळी ओळ बसली, सगळ्या पानांवर सगळं वाढून झालं, मग जयघोष, मग जेवण, मग सगळे एकदम उठले, मग झाडलोट, मग दुसरी ओळ. दाराशी थांबलेली पोरं कंटाळून एकमेकांना चिमटे काढायला लागली होती. मग नवी रीत. जो येईल तो बसला, बसला की वाढलं, वाढलं की जेवला, ज्याचं झालं तो उठला, त्याच्या जागी दुसरा. बादली एका बाजूनं शिरायची, दुसऱ्या बाजूनं निघायची. दाराशी कुणी उरलंच नाही. तात्या खापराची भाकरी हातात धरून बघतच राहिले. हसू कधीच मावळलं होतं. "सर," ते म्हणाले, "आमी येवढी वर्सं काय केलं वो? लोकांना नुसतं उन्हात बसवून ठिवलं."

मी माझ्या वडिलांना कोणावर इतकं भाळलेलं कधी पाहिलं नाही. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरीचे तुकडे जमिनीवर मांडले आणि मांडव उभा केला. इकडनं शिरायचं, तिकडनं निघायचं, इथं काहील, इथं पाण्याचे रांजण. आई म्हणाली, "खायचं ते मातीत काय घालताय?" पण त्यांना ऐकू येत नव्हतं. सर मात्र ते तुकडे निरखत होते. शेवटी म्हणाले, "तात्या, एक सांगू? खापराला दात लागत नाहीत. माझ्या वर्गात बाकी सगळं आहे, म्हातारं माणूस नाही. आधी एकच ओळ करून बघू. गावातल्या तरण्या पोरांची. बाकीची पंगत नेहमीसारखी होऊ दे."

"व्हय, व्हय, एकच वळ," तात्या म्हणाले.

माझी नात पुण्यात व्यवस्थापनाचं शिकते. परवा तिनं फोनवर दाखवलं, त्यांच्या वर्गात टेबलं मांडून ठोकळ्यांच्या मोटारी एकीकडून दुसरीकडं पाठवतात आणि कुठं तुंबतंय ते मुलांना शोधायला लावतात. मी म्हटलं, अगं, हे आम्ही दप्तरांवर आणि खापरांवर शिकलो. ती म्हणाली, "काहीही काय आजी! तुमच्या गावात?" मी हसून सोडून दिलं. पण नंतर बराच वेळ मला वाईट वाटत राहिलं, सरांचं.

काल्याचा दिवस. माणूस नुसता लोटत होता. बैलगाड्या ओढ्यापर्यंत सुटलेल्या. भाकऱ्यांच्या दुरड्या देवळामागं रचलेल्या आणि सर तिथं होते, दुरड्या मांडवात पोचवायच्या कामावर. मांडवात आमच्या वर्गाची एक ओळ नव्या रीतीनं चालली होती आणि ती अशी काही चालली होती की लोक बाकीच्या ओळी सोडून तिच्याकडं बघत होते. बाकीच्या ओळींत अजून जयघोष व्हायचा होता, तोवर आमच्याकडं कितीतरी माणसं जेवून हात धूत होती. चिंचेखाली थांबलेल्यांवर लक्ष ठेवायचं काम अर्थातच माझं. ऊन तापलं होतं. बायकांनी पोरांच्या डोक्यावर पदर धरले होते. तात्यांनी मला लांबूनच विचारलं, "विमे, किती हायेत गं अजून चिंचंखाली?"

"लई हायेत तात्या. बारकी पोरं रडायला लागलीत."

तात्यांनी एकदा आमच्या ओळीकडं पाहिलं, एकदा बाकीच्या मांडवाकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते भाकरीचे तुकडे मांडतानाचं तेज आलं. त्यांनी पंचा वर करून हाळी दिली, "लावा! समद्या वळी तशाच लावा! कुनी कुनासाठी थांबायचं न्हाई!"

आणि झालं तसंच. थोडा वेळ तर ते फार सुंदर चाललं, हे मला लिहिलंच पाहिजे. चिंचेखालची गर्दी ओसरायला लागली. आमच्या वर्गातली पोरं बादल्या घेऊन नाचल्यासारखी फिरत होती. तात्या मांडवाच्या मधोमध उभे होते आणि त्यांच्या तोंडावर असं हसू होतं की जणू घरात पहिलं नातवंड आलंय.

नदीपलीकडचं गाव दर सालाप्रमाणं मानानं बोलावलेलं होतं. त्यांच्यात एक आबा होते, सगळ्यांत वडीलधारे. तोंडात एक दात नाही. ते भाकरी आमटीत कुस्करायचे, वरून आणखी आमटी घ्यायचे आणि भाकरी मऊ होईस्तोवर हात मांडीवर ठेवून शांत बसायचे. जुन्या पंगतीत सगळं गाव त्यांच्यासाठी थांबायचं. आबांनी हात झटकल्याशिवाय ओळीतलं कुणी उठायचं नाही, मग भले बाकीच्यांची बोटं वाळून जावोत. त्या दिवशी त्यांच्या दोन्ही बाजूची माणसं उठली आणि तिथं अनोळखी पोरं येऊन बसली. आबा आपले मांडीवर हात ठेवून भाकरी भिजायची वाट बघत होते. बबन, आमच्या वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा, उष्टं काढत त्या ओळीतून आला. त्याला मांडीवरचा हात दिसला. वर्गात त्याला हेच शिकवलं होतं. त्यानं वाकून आबांच्या पुढची भरली पत्रावळ उचलली.

आबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "लेकरा, झालं का आमचं?"

"व्हय आबा," बबन मोठ्या ऐटीत म्हणाला. "उठा आता, मागं मानसं थांबलीत."

आबा उठले. एक घासही न घेता मांडवाबाहेर आले. त्यांच्या गावच्या कुणीतरी विचारलं, "आबा उठलं?" कुणीतरी म्हणालं, "उठिवलं." तो शब्द ओळीओळीतून असा गेला की आमची एकही बादली कधी तितक्या वेगानं गेली नव्हती. पंगतीतून उठवणं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. कोणी कुठं बसायचं हे त्या काळच्या पंगतीत न बोलता ठरलेलं असायचं, आणि त्यात लाज वाटावी असंही पुष्कळ होतं. पण बोलावून बसवलेल्या माणसाच्या पुढचं पान काढणं हे आमच्या गावात कुणी वैऱ्यालाही केलं नसतं. पलीकडच्या गावची सगळी माणसं, आमटीनं माखलेल्या हातांची, अर्ध्या घासावरून उठली आणि गाड्यांकडं चालायला लागली. तात्या धावत गेले आणि आबांच्या पायाशी बसले.

"आबा, लेकराची चूक झाली. बसा. माझ्यासाठी बसा."

"तुज्या बापाच्या हातचं जेवलोय मी, तात्या," आबा म्हणाले. "राग न्हाई. पन आता घास उतरायचा न्हाई."

गाड्या गेल्या. मागं राहिलेल्यांना जेवण गोड लागेना. उरलेली आमटी जनावरांच्या पुढं ओतली. बबन दोन दिवस घराबाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गाव बसलं. आम्हा वर्गातल्या पोरांनाही बोलावलं होतं, त्यामुळं मी तिथं होते. हेडमास्तर एका खांबाला टेकून, आपल्यालाच शिक्षा झाल्यासारखे. सरपंच म्हणाले, "तात्या, तुमच्या पंगतीत आजवर शीत सांडलं न्हाई. ही अक्कल कुनाची? पोरांना मांडवभर सोडलं कुनी?"

तात्या खाली बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. मला खात्रीच होती. एक ओळ सांगितली होती, सगळा मांडव मी केला, एवढंच तर म्हणायचं होतं. गाव काही त्यांना सुळावर देणार नव्हतं. चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते आणि पुढच्या सालापर्यंत लोक विसरले असते. पण ज्या एका जागी त्यांना मान होता, ती जागा जाईल, या भीतीनं तो माणूस गोठून गेला होता. तेवढ्यात मागून सर उठले. त्यांनी एकदा तात्यांकडं पाहिलं आणि ते पुढं आले.

"अक्कल माझी," सर म्हणाले. "मुलं माझी, शिकवलं मी. तात्यांचा यात काही संबंध नाही. शिक्षा करायची ती मला करा."

तात्यांनी घसा खाकरला. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"पानी द्या जरा," तात्या म्हणाले.

कुणीतरी तांब्या दिला. ते पाणी प्याले. आणि मग काही बोललेच नाहीत.

हेडमास्तरांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, तास बंद. पुढच्या आठवड्यात कपाटातून टकळ्या निघाल्या. सर खुर्चीवर बसायचे, आम्ही सूत कातायचो आणि ते तुटायचं. मी भिंतीशी उभी नव्हते आता, सगळ्यांत बसलेली होते. एकदा कुणीतरी विचारलं, "सर, पोस्टाचा खेळ घ्या ना." सर म्हणाले, "सूत बघ, जाड येतंय."

ते जेवायला आमच्याकडंच येत राहिले. आईनं त्यांना तोडू दिलं नाही. पण सर यायच्या वेळेला तात्यांना नेमकं रानात काहीतरी आठवायचं. विहिरीवर मोट नव्हती, इंजिन बंद पडलेलं, तरी ते तिथं जाऊन बसायचे. आई एकदा फणकारली, "मास्तर काय तुम्हाला खातो का? उलट त्यानंच..." आणि तिथंच थांबली. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. वर्ष संपलं आणि सर कोपरगावकडं दुसऱ्या शाळेत गेले. जायच्या दिवशी आईनं शेंगोळी केली होती. तात्या सोनईच्या बाजाराला गेले होते.

पुढच्या सालच्या काल्याला माणूस दारात आला, "तात्या, पंगत तुमची." तात्या म्हणाले, "गुडघं धरत्यात." गावाला वाटलं, तात्या मास्तरावर अजून रागावलेत. लोक समजूत घालायला आले, अहो झालं ते झालं, तुमची काय चूक? प्रत्येक जण असं म्हणाला की तात्या आणखी आत जायचे. त्यांनी मांडवात पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही. आता आमच्या गावातही लग्नात टेबलं लागतात, हातात ताट घेऊन लोक रांगेत उभे राहतात, वाढून घेतात, उभ्यानं खातात आणि जातात. कुणी कुणासाठी थांबत नाही. म्हातारी माणसं कडेला खुर्चीवर बसून, कुणीतरी आपल्यासाठी ताट आणील म्हणून बघत असतात. मला अजून तीच आधी दिसतात.

माझं लग्न ठरायच्या आदल्या वर्षी, दिवाळीपासून तात्यांनी एकच धोशा लावला. "एकदा सरांकडं जाऊन येऊ. विमे, तू चल संगं." मला कारण विचारावं लागलं नाही. कोपरगावच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते आणि वाटभर त्यांचे ओठ हलत होते. कुठं तरी ऊस भरलेल्या गाड्यांनी रस्ता अडला, तेव्हा ते दचकून माझ्याकडं बघत म्हणाले, "आलं का?" मी म्हटलं, अजून नाही. पुन्हा ओठ हलायला लागले.

सर कालव्याच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होते. चष्मा नवा होता. तात्यांना बघून त्यांना झालेला आनंद इतका खरा होता, की तात्यांचे डोळे उंबऱ्यातच भरून आले. सरांच्या बायकोनं आम्हाला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही. तात्या फार सावकाश जेवले. मला वाटलं, जेवण संपलं की बोलणार आहेत म्हणून जेवण लांबवताहेत. सर आपलं संपवूनही पानावर बसून होते, त्यांना सोबत म्हणून. मग तात्यांनी घास हातात ठेवूनच विचारलं, "सर, त्यो खेळ... घेता का अजून हिथं?"

"नाही हो," सर सहज म्हणाले. "तसलं काही आता करत नाही. पुस्तकातलं सांगतो, मुलं लिहून घेतात. बरं चाललंय."

तात्यांनी तो घास तोंडात घातला. मग पाणी मागितलं.

निघताना सर थांब्यापर्यंत आले. गाडी लागली होती. तात्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. कंडक्टर ओरडत होता. सर वाकून हळूच म्हणाले, "तात्या, काही बोलायचं होतं का?"

"न्हाई वो," तात्या म्हणाले. "पोरगी लई दिस मागं लागली हुती, सरांना भेटायचं, सरांना भेटायचं. म्हनून आलो."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली.